दहा बाय बाराची हॉस्टेलची खोली, तिघी मुली आणि तीन पेट्या: कशी लावावी?

परभणीची_आई
नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

लेकीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. हॉस्टेलची खोली दहा बाय बारा फूट, त्यात तिघी. एक लातूरची, एक चिपळूणची आणि आमची. तीन लोखंडी कॉट, तीन टेबलं. कपाटं भिंतीतच आहेत, लोखंडी दारांची, त्यामुळे ती जागा खात नाहीत. पण कॉटच ५४ चौरस फूट घेतात आणि टेबलं १३. वर प्रत्येकीची पत्र्याची पेटी. पेट्या मधोमध पडल्यात, दार पूर्ण उघडत नाही. भिंती फिक्या पिवळ्या, कोपऱ्यात पोपडे. खिळा ठोकायचा नाही, ठोकला तर डिपॉझिट कापतात.

काल फोनवर म्हणाली, "आई, खोलीत आलं की लगेच बाहेर जावंसं वाटतं." तेव्हापासून मला चैन नाही. पुढच्या शनिवारी जाणार आहे. जागा वाचेल आणि खोली जरा आपली वाटेल असं काय करता येईल? फार खर्च नको.

मोजपट्टी
ताई, काहीही विकत घेण्याआधी तीन मापं कळवा. कॉटची खरी लांबी (चौकटीसकट), कॉटखाली जमिनीपासून किती जागा आहे, आणि पेटीची उंची.

तिसरं_वर्ष
मी पुण्यातच हॉस्टेलला आहे, दोन वर्षं काढली. आमच्या खोलीत आम्ही तिन्ही कॉट एकमेकींना चिकटवून खिडकीच्या भिंतीला लावल्या. नऊ फूट रुंद एकच मोठा पलंग होतो आणि उरलेली अर्धी खोली पूर्ण रिकामी. सबमिशनच्या वेळी चार्ट जमिनीवर पसरायला, रात्री पत्ते खेळायला, सगळ्याला जागा. खोलीत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा मोकळी जमीन दिसते, त्यानं फार फरक पडतो.

भिंतीचं म्हणाल तर खिळ्याशिवाय खूप होतं. कपाटाचं दार लोखंडी आहे ना? मग लोहचुंबक वापरा. चुंबकाचे हुक मिळतात. पण पाकिटावर पाच किलो लिहिलं म्हणून पाच किलो लटकवू नका. तो आकडा सरळ ओढण्याचा असतो, उभ्या दारावर हुक खाली घसरतो आणि त्याच्या बऱ्याच कमी वजनाला सुटतो. किल्ल्या, ओळखपत्र, टोपी, छोटी कापडी पिशवी इतकं आरामात राहतं. वेळापत्रक, फोटो, मेसचा मेनू सगळं आमच्या दारावरच असतं.

खिडकीचे गज ही दुसरी मोफत जागा. एस आकाराचे हुक अडकवायचे आणि त्यावर ओला टॉवेल सोडून काहीही.

इनमीन_तीन
कॉट चिकटवण्याला माझा सक्त विरोध. मधली मुलगी रात्री उठली की पायथ्याकडून सरपटत बाहेर येते नाहीतर कुणाच्या तरी अंगावरून जाते. आमच्यात मधली मीच होते. परीक्षेत एकीला पहाटे चारला उठायचं, दुसरी दोनला झोपलेली. महिन्याभरात तिघी एकमेकींशी बोलेनाशा झालो होतो. कॉट वेगळ्या केल्या आणि पुन्हा गट्टी जमली.

तिसरं_वर्ष
@इनमीन_तीन ताई, मान्य. आमच्यातला मधला कुंभकर्ण आहे, त्यामुळे निभावतंय.

परभणीची_आई
मोजपट्टी दादा, लेकीकडून मापं घेतली. कॉट सव्वासहा फूट लांब, तीन फूट रुंद. खाली जागा ११ इंच. पेटी ३० बाय १८, उंची १२ इंच.

मोजपट्टी
सापडलं! पेटी एका इंचासाठी कॉटखाली जात नाही आणि त्या एका इंचापायी खोलीचे सव्वाअकरा चौरस फूट अडकलेत.

उपाय: कॉटच्या प्रत्येक पायाखाली एक वीट, रुंद बाजूवर आडवी. कॉट साधारण तीन इंच वर जाते, खाली १४ इंच होतात, पेटी सरळ आत. तीन कॉटना १२ विटा. एकावर एक दोन विटा मात्र ठेवू नका, नुसत्या रचलेल्या विटा सरकतात. पायाची नळी विटेला कोरत जाते, म्हणून मध्ये फरशीचा किंवा जाड प्लायचा तुकडा द्या. आणि पायांची रबरी बुचं शाबूत आहेत का बघा. नसतील तर हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळतात.

दुसरं, सव्वासहा फूट म्हणजे बारा फुटी भिंतीला दोन कॉट एका रांगेत बसणार नाहीत, साडेबारा होतात. कागदावर "सहा बाय तीन" धरून आखणी केली असती तर ऐनवेळी फसलो असतो. दार कुठल्या भिंतीला आणि किती रुंद?

लाल_माती
चिपळूणची मुलगी आहे म्हणालात म्हणून लिहिते, मी रत्नागिरीची. घरून आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या मागवा गो! आता पुठ्ठ्याचे खोके जास्त दिसतात, पण लाकडी पेटी अजून मिळते. आडवी ठेवली की पुस्तकांचा कप्पा, दोन एकावर एक बांधल्या की छोटं शेल्फ. पॉलिश पेपर मात्र नीट मारायचा, फटीतले खिळे ठोकून बसवायचे, नाहीतर ओढण्या फाटतात. मी आतल्या बाजूला खणाचं कापड चिकटवलं होतं. जांभळ्या खणाला बारीक सोनेरी ठिपके. संध्याकाळी टेबललॅम्प लावला की तो कोपरा इतका सुंदर दिसायचा की शेजारच्या खोल्यांतल्या मुली बघायला यायच्या.

पावसाळ्याचंही सांगते. पोपडे आहेत म्हणजे त्या भिंतीला ओल आहे. कॉट त्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. कॉटखाली पुठ्ठ्याचा खोका अजिबात नको, ओल धरतो आणि झुरळं होतात. पत्र्याची पेटीच चांगली. आत कपड्यांत कापूर नाहीतर डांबरगोळ्या ठेवा.

संत्रानगरी
जुन्या लाकडी वस्तू आणताना ढेकूण बघून घ्या बाप्पा! आमच्या नागपूरच्या हॉस्टेलात एका मुलानं जुनं स्टूल आणलं आणि आख्खा मजला रात्रभर जागा. लोखंडी कॉटच्या सांध्यातही असतातच. गादी टाकण्याआधी सांध्यांत उकळतं पाणी ओता आणि गादी दोन दिवस कडक उन्हात द्या. सजावट त्याच्यानंतर.

सातासमुद्रापार
माझा मुलगा अमेरिकेत डॉर्ममध्ये आहे. तिथं पलंगाची गादी ३८ बाय ८० इंच आणि बहुतेक पलंगांची उंची बदलता येते. मुलं पलंग पाच-सहा फुटांवर चढवतात, खाली टेबल, खुर्ची, कपडे. तेवढ्याच जागेत दोन मजले होतात. असा उंच पलंग आपल्याकडे सुताराकडून करून घेता येणार नाही का?

वायरमन_काका
नका करू ताई. तिकडच्या खोलीत डोक्यावर पंखा नसतो. आपल्या हॉस्टेलात छताचा पंखा खोलीच्या मधोमध फिरतो आणि एवढ्याशा खोलीत कुठलाच पलंग त्याच्यापासून फार लांब नसतो. पाच फुटांवर झोपलेली मुलगी अर्धवट झोपेत उठून बसली, हात वर केला, तर काय होईल याचा विचार करा. तीन इंचाची वीट ठीक. त्यावर नको.

आलोच आहे तर विजेचंही बोलतो, हा माझा रोजचा धंदा. खोलीतला साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला गुणलं की १३८० वॅट. लॅपटॉप ६५ वॅटच्या आसपास, मोबाइल चार्जर १०-२० वॅट, एलईडीची माळ त्याहून किरकोळ. हे सगळं एका बोर्डवर बिनघोर चालतं. इस्त्री ७५० ते १००० वॅट घेते, म्हणजे ती एकटीच लावायची. पाणी तापवायची १५०० वॅटची कॉइल त्या प्लगला कधीच नाही. आणि एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड खुपसायचा नाही. मी हॉस्टेलांत जळालेले जेवढे बोर्ड बदलले त्यात असे एकातून एक काढलेले फार होते. बोर्ड गादीखाली किंवा पडद्यामागेही नको. माळ लावायची तर यूएसबीवरची पाच व्होल्टची घ्या, ती तापत नाही.

सातासमुद्रापार
काका, पंख्याचं माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद. मुलाच्या डॉर्ममध्ये मेणबत्तीलासुद्धा बंदी आहे, आता कारण नीट पटलं.

वाकळ
कुणीच अजून गोधडीचं कसं बोललं नाही? ताई, तुम्ही परभणीच्या. घरात जुनी सुती लुगडी, साड्या असतीलच. खोली आपली वाटायला दुसरं काही लागत नाही. माझ्या आजीनं मला गोधडी शिवून दिली होती. वरचा थर आईच्या निळ्या साडीचा, मध्ये आजोबांची धोतरं, कडेला मावशीच्या परकराची हिरवी पट्टी. दिवसा पलंगपोस, थंडीत पांघरूण, गुंडाळून भिंतीला लावली की लोड, पाहुणी आली की जमिनीवर अंथरूण. एका वस्तूची चार कामं, आणि जागा शून्य. पहिल्या सहामाहीत मी रात्री त्या निळ्या तुकड्यावर गाल ठेवूनच झोपायचे.

इनमीन_तीन
गोधडी हवीच, फक्त हॉस्टेलात ती धुणं आणि वाळवणं अवघड. जुन्या साडीची खोळ शिवून द्या. खोळ धुवायची, गोधडीला नुसतं ऊन दाखवायचं.

साताऱ्याचा_गडी
मी १९७८ साली हॉस्टेलला गेलो तेव्हा पेटी हेच कपाट, पेटी हीच खुर्ची आणि पेटीवर फळी टाकली की टेबल. आपल्याकडं वसतिगृहाचं मोल फार जुनं आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग सुरू केलं, मग एकामागून एक समाजांसाठी काढत गेले. कर्मवीर अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. माझे वडील खेड्यातून येऊन शिकले ते अशाच एका बोर्डिंगमुळं. म्हणून तुमच्या लेकीच्या खोलीबद्दल वाचताना लय बरं वाटतंय. तीन गावच्या तीन पोरी एका खोलीत शिकतायत. ती खोली चांगली लागलीच पाहिजे.

चिकटपट्टी
भिंतीला काय चिकटतं याचा माझा अनुभव. ऑइलपेंट असेल तर चिकटपट्टीचे हुक छान बसतात. डिस्टेंपर किंवा चुना असेल तर हुक रंगाला चिकटतो आणि रंग भिंतीला चिकटलेला नसतो, म्हणून पोपड्यासकट खाली येतो. ओळखायची युक्ती: ओलं बोट भिंतीवर घासा. बोटाला रंग लागला तर हुकाचा नाद सोडा.

गव्हाची खळ लावून पोस्टर चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कसर आणि झुरळं दोन्ही येतात. आम्ही भिंतभर नकाशा लावला होता. वर्षअखेरीला खालचा अर्धा भाग चाळणी झाला होता, आणि भिंतीच्या डागापायी डिपॉझिट गेलं ते वेगळंच.

सगळ्यात उत्तम म्हणजे दोरी. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुती दोरी ताणायची आणि लाकडी चिमट्यांनी फोटो, पत्रं, सुकलेली पानं काहीही लावायचं. भिंतीला हात लागत नाही आणि दर महिन्याला बदलता येतं.

संत्रानगरी
आणि एखादं हिरवं रोप. मनी प्लांटची फांदी काचेच्या बाटलीत पाणी घालून खिडकीत ठेवली की झालं. पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डास होतात.

विदर्भकन्या
सगळ्यांचे सल्ले छान आहेत, पण एक राहून राहून वाटतंय. ताई, खोली तुमची नाही, आणि एकट्या लेकीचीही नाही. शनिवारी तुम्ही सामान घेऊन गेलात आणि सगळं लावून आलात, तर ती खोली तुमच्या आवडीची होईल. माझ्या आईनं असंच केलं होतं. पडदे, चादर, सगळं गुलाबी. खूप प्रेमानं केलं होतं. पण माझ्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीला वाटलं हिनं येताच खोलीवर ताबा घेतला. तो सल मिटायला सहा महिने लागले. तिघींना ठरवू द्या.

परभणीची_आई
हे वाचून पहिल्यांदा वाईट वाटलं. आई म्हणून तेवढंही करायचं नाही का, असं मनात आलं. मग लेकीला विचारलं, "त्या दोघींना काय आवडतं ग?" तर म्हणाली, माहीत नाही. पंधरा दिवस झाले एका खोलीत राहून.

निवृत्त_रेक्टर
मी मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं रेक्टर होते. शेकडो खोल्या पाहिल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जून-जुलैत खोल्या सजतात आणि सप्टेंबरपर्यंत त्यातल्या निम्म्या पुन्हा विस्कटतात. विस्कटत नाहीत त्या खोल्यांत मला एक गोष्ट कायम दिसली: मधोमध अंथरलेली चटई. कॉट भिंतीला, पेट्या कॉटखाली, आणि मध्ये चार बाय सहाची जागा रिकामी ठेवलेली. घरून डबा आला की मुली त्या चटईवर बसून खायच्या. कॉटवर बसलं की प्रत्येकीची पाठ भिंतीला आणि तोंड मोबाइलकडे. जमिनीवर बसल्या की तोंडं एकमेकींकडे. ताई, तुमच्या लेकीला खोलीतून बाहेर जावंसं वाटतं, कारण त्या खोलीत आत्ता बसायलाच जागा नाही. उभं राहायचं नाहीतर झोपायचं.

भांडणं कशावरून होतात तेही सांगते. चपला, ओला टॉवेल आणि रात्री अकरानंतरचा दिवा. म्हणून पहिल्या दिवशी तीन गोष्टी करा. चपलांना दाराशी एक अरुंद रॅक. ओल्या कपड्यांची दोरी गॅलरीत, खोलीत नको. आणि प्रत्येकीला आपला टेबललॅम्प, मान वाकवता येणारा, पिवळ्या उजेडाचा. वरची ट्यूब दहाला बंद झाली आणि तीन छोटे दिवे लागले की पोपडे आलेली भिंतसुद्धा सुंदर दिसते. त्याहून चांगली सजावट मी पाहिली नाही.

विदर्भकन्या बरोबर सांगतायत. पण आईनं काहीच न्यायचं नाही असं माझं म्हणणं नाही. चटई तुम्ही न्या. तिघींना पुरेल एवढी मोठी. आणि डबा.

विदर्भकन्या
बाई, तुमच्यासारख्या रेक्टर आम्हाला मिळाल्या असत्या तर! चटई आणि डबा, पूर्ण अनुमोदन.

मोजपट्टी
मध्ये चार बाय सहा निघतात. खिडकीच्या दोन बाजूंच्या भिंतींना एकेक कॉट लावली की मध्ये बरोबर चार फूट उरतात. तिसरी दाराच्या भिंतीला. दार तीन फुटी असेल तर शेजारी सात फूट राहतात आणि सव्वासहाची कॉट बसते.

लाल_माती
चटई सावंतवाडीकडची मिळाली तर बघा!

वाकळ
मी तर म्हणते सोलापुरी सतरंजी. झटकली की स्वच्छ, आणि वर्षानुवर्षं टिकते.

(चटई की सतरंजी यावर पुढचे अकरा प्रतिसाद झाले. शेवटी सतरंजी जिंकली.)

परभणीची_आई
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

शनिवारी गेले. सतरंजी, गोधडी आणि डब्यात धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मोजपट्टी दादांनी सांगितलं तसंच झालं: दोन कॉट खिडकीच्या दोन बाजूंना समोरासमोर, तिसरी दाराशेजारी आडवी. खिडकीखाली दोन टेबलं शेजारीशेजारी बसली, तिसरं कोपऱ्यात. बारा विटांवर कॉट चढवल्या आणि पहिली पेटी आत सरकली तेव्हा तिघींनी टाळ्या वाजवल्या.

भिंतीवर बोट घासलं, रंग लागला. म्हणून हुक नाहीत, दोरी ताणली. तिघी मिळून रविवारी तुळशीबागेत गेल्या, मी मुद्दाम गेले नाही. येताना तीन वेगळ्या रंगांचे टेबललॅम्प आणि एकाच कापडाचे तीन उशांचे अभ्रे घेऊन आल्या. चपलांचा रॅक बोहरी आळीतून. चिपळूणच्या मुलीच्या वडिलांनी आंब्याच्या दोन पेट्या पाठवल्यात, त्यांना खण लावायचं काम चालू आहे. पोपड्यांची भिंत लातूरच्या मुलीनं मागितली. तिच्या आईची जुनी इरकल वरच्या पाइपला बांधून तिथं सोडली. ती म्हणाली, रात्री दिसते आणि बरं वाटतं.

काल लेकीला फोन केला तर म्हणाली, "आई, नंतर बोलते, आम्ही जेवतोय." मागून शेजारच्या खोलीतल्या मुलींचेही आवाज येत होते.

वायरमन_काका
पोरींनो, शाब्बास! पाइपला साडी बांधलीत, ती वायरीपासून आणि पंख्यापासून लांब आहे ना? फोटो टाका, बघून सांगतो.

परभणीची_आई
काका, पंख्यापासून पाच फूट लांब आहे, मोजून घेतलं. फोटो उद्या टाकते.

तिसरं_वर्ष
काकू, विटा कुठून मिळवल्या? आमच्या मधल्या कुंभकर्णानं आता वेगळी कॉट मागितली आहे. आम्हालाही बारा हव्यात.

परभणीची_आई
हॉस्टेलच्या मागं बांधकाम चालू आहे. तिथल्या वॉचमन दादांना मुलींनी विचारलं. त्यांनी स्वतः निवडून अखंड विटा दिल्या, आणि दोन जास्तीच्या दिल्या. त्यांना धपाटे देऊन आले.